एक जूनच्या मुली

शाळेत असताना वाढदिवसाच्या दिवशी रंगीत कपडे घालायची परवानगी असायची. सगळ्या जणी निळ्या-पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, आणि मी एकटी पिवळ्या फ्रॉकमध्ये चॉकलेटचा डबा घेऊन बाकांमधून फिरायचे. मला ते कधीच आवडलं नाही. सगळ्यांनी एकदम आपल्याकडे बघणं मला अजूनही नको वाटतं. पण तो दिवस माझा आहे, याबद्दल कधी शंका आली नव्हती. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझा जन्मदाखला लॅमिनेट करून ठेवलेला आहे. जन्मतारीख माणसाबरोबरच येते, असं मी धरून चालले होते.

लॉच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला गावोगावी कायद्याची शिबिरं घ्यावी लागायची. त्याचे मार्क होते. मी दर वेळी हजेरीचा कागद फिरवायचं काम मागून घ्यायचे. बोलायचं काम वर्गातल्या एका मुलाकडे असायचं, त्याला माईक हातात धरायला आवडायचं. जानेवारीत मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावात शिबिर होतं, त्या दिवशी त्याला ताप आला. बरोबरच्या सरांनी गाडीतच माझ्या हातात छापील पत्रक दिलं. “बारावीच्या मुलींचा वर्ग आहे. तूच बोल.”

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. मराठी मी बोलते, वाचते, पण मोठ्याने वाचायचं म्हटलं की जोडाक्षराशी थांबते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि मी पत्रकाच्या मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं लिहीत होते. गाव येईपर्यंत ती पाठ झाली होती. भीती वाटत होती का ते आठवत नाही. उतरताना पेनाचं टोपण गाडीतच राहिलं, एवढं आठवतं.

वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये होता. मुली जमिनीवर सतरंजीवर बसल्या होत्या. मी पत्रकातलं पहिलं वाक्य वाचलं. “अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती कायद्याने अज्ञान समजली जाते.”

मागून कुणीतरी म्हणालं, “कायद्यानं कशाला, आमच्या घरात रोजच समजत्यात.”

हसू फुटलं. मी म्हटलं, “अज्ञान म्हणजे मायनर.”

“मायनर म्हंजी?”

“लहान. वयाने.”

“मग सरळ बारकी म्हणा की, मॅडम.”

मी वर न बघता पुढचं वाक्य वाचलं. अठरा पूर्ण झाले की सज्ञान. मग मत देता येतं, स्वतःच्या सहीने व्यवहार करता येतो. त्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे, लावणाऱ्याला शिक्षा होते. वाक्यं संपली तेव्हा घड्याळात जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि तास पाऊण तासाचा होता. मला एक गोष्ट सुचली. प्रत्येकीला चिठ्ठीवर स्वतःची जन्मतारीख लिहायला सांगितली. कोण कधी सज्ञान होणार ते आपण फळ्यावर काढू, म्हटलं.

चिठ्ठ्या आल्या. पहिली एक जून. दुसरी एक जून. तिसरीवर काहीतरी मार्चचं होतं, पुन्हा एक जून, पुन्हा एक जून. मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या आणि आमच्या शाळेतल्या टीचर म्हणायच्या तशा आवाजात म्हटलं, “शेजारणीचं बघून लिहू नका. प्रत्येकीने स्वतःची तारीख लिहा.”

अख्खा वर्ग हसला. दारात उभे असलेले त्यांचे मास्तरही हसले. पुढच्या ओळीतली एक उंच मुलगी उभी राहिली. तिच्या ओढणीला पिठाचे पांढरे डाग होते. तिच्या वडलांची पिठाची गिरणी आहे आणि शाळेत यायच्या आधी ती दोन तास तिथे बसते, हे मला नंतर कळलं.

ती म्हणाली, “मॅडम, बघून न्हाय लिवलं. आमच्या गुरुजींनी आमाला समद्यांना एकाच दिवशी काढलंय.”

मग मास्तरांनी मला समजावून सांगितलं. पहिलीत नाव घालायला मुलाला सहा वर्षं पूर्ण लागतात. आई-वडील पोराला घेऊन येतात, जन्माचा कागद आणत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ज्वारी काढायच्या टायमाला झालं, नाहीतर दिवाळीच्या आसपास झालं. शाळा जूनमध्ये सुरू होणार. मग गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहून टाकतात. पोराचं वर्षही वाया जात नाही आणि रजिस्टरही बरोबर दिसतं. “आम्हीपण एक जूनचेच,” मास्तर म्हणाले. “स्टाफरूममध्ये त्या दिवशी सहा जणांचा बर्थडे असतो.”

मी फळ्यावर एक जून लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली.

तास संपल्यावर मी मुलींना पत्रकं वाटली आणि हात धुवायला पाण्याच्या टाकीपाशी गेले. ती उंच मुलगी मागोमाग आली. आधी नळ सोडला, हात भिजवले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

“मॅडम, माझं जमलंय.”

“काय जमलंय?”

“लग्न. पोरगा पंढरपूरला हार्डवेरच्या दुकानात हाय. तारीख काढायलेत.” तिने नळ बंद केला. “शाळेत माझी एक जून हाय. आई म्हणती मी दिवाळीच्या पाडव्याची. कायदा कुठली धरतो?”

हे मला येत होतं. तोंडी परीक्षेला हाच प्रश्न मला आला होता. मी म्हटलं, “शाळेच्या दाखल्यावरची. तो असला तर बाकीचं नंतर.”

“आई सोता सांगती तरी?”

“तोंडी चालत नाही. पुरावा लागतो.”

“आईच हाय की पुरावा. तिलाच झाले न्हवं मी.” ती जरा हसली. “मग एक जूनला मी अठरा पूर्ण.”

“हो.”

“त्याच्या आदी न्हाय?”

“आधी नाही.”

“एक दिवस आदी लावलं तरी गुन्हा?”

“एक दिवस आधी लावलं तरी.”

“नक्की न्हवं, मॅडम?”

“नक्की.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या चिठ्ठीच्या मागे तिने एक नंबर लिहून दिला. “आण्णांचा हाय, वडलांचा. काय वेगळं निघालं तर सांगा.” आणि ती गेली. मला आपलं उत्तर बरोबर आल्याचं समाधान वाटलं होतं. त्याहून जास्त काही वाटलं असेल तर ते मला आता सापडत नाही. तुला हे लग्न करायचं आहे का, असं मी तिला विचारलं नव्हतं. प्रश्न तारखेचा होता, मी तारखेचं उत्तर दिलं होतं.

तेव्हा मी संध्याकाळी कोर्टाजवळच्या एका वकील मॅडमकडे काम शिकायला जायचे. चार दिवसांनी फाईली लावताना मी त्यांना हा किस्सा सांगितला. खरं तर एक जूनची गंमत सांगत होते. त्यांनी चष्मा काढला.

“तू तिथं परीक्षा द्यायला गेली होतीस काय गं?”

मी फाईल खाली ठेवली.

“उत्तर बरोबर आहे. शंभरपैकी शंभर. पण मुलगी अजून शाळेत आहे ना? नाव पटावर आहे तोवर तारीख दुरुस्त करायचा अर्ज देता येतो. आईचं बाळंतपण माहेरी झालं असणार, तिथल्या जन्माच्या रजिस्टरला नोंद असेल. ती काढायची, अर्ज टाकायचा. बारावी आहे म्हणजे बोर्डपण मधे येईल, वेळ लागेल. लागू दे. अर्ज पडलाय एवढं कारण पुरतं कधीकधी. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मग बसा कोर्टाच्या पायऱ्या चढत.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि दुसरं अर्धं सांगितलंस का?”

“कुठलं?”

“सज्ञान झाली म्हणजे लग्न लावता येतं, हे एक अर्धं. नाही म्हणायचं झालं तर तेही तिच्या एकटीच्या तोंडचं चालतं, हे दुसरं.”

मी तो नंबर त्याच रात्री लावायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. मला फोनवर अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. आधी काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेते. तसं लिहून घेतलं होतं. पलीकडे गिरणीचा आवाज होता, पट्ट्याची एकसारखी घरघर, आणि त्यावरून ओरडून बोलणारा पुरुष.

“कोण बोलतंय?”

माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य होतं, तुमच्या मुलीशी बोलायचं आहे. ते मी मनात दोनदा म्हटलं.

“अवो, कोण बोलतंय?”

“राँग नंबर,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नंतर परीक्षा आल्या, तिची बारावी आणि माझी सेमिस्टर. रोज सकाळी आज फोन करू असं ठरत होतं आणि रोज संध्याकाळ होत होती. मला त्याचा त्रास झाला असं लिहायला पाहिजे, पण तसा झाला नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग डॉक्टर आत काहीतरी ओढतायत एवढं कळतं आणि दुखत मात्र नाही. ते दिवस तसे गेले.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. गुणपत्रिका शाळेत कधी मिळणार ते मी त्या मास्तरांना मेसेज करून विचारलं. मेसेज मला जमतो. त्यांनी कळवलेल्या दिवशी सकाळच्या एसटीने मंगळवेढ्याला गेले आणि तिथून पुढे वडापच्या जीपमध्ये दोन बायकांच्या मधे बसून गावात पोचले. रजिस्टरवर तिचं नाव असताना मला तिला गाठायचं होतं. बॅगेत दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना होता. वकील मॅडमनी तो मराठीत लिहून दिला होता.

ऑफिसच्या दारात ती उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. क्लार्क रजिस्टर मिटून ठेवत होते. तिच्या शेजारी बुटके, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ होते. त्यांच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

“आण्णा, ह्या त्या मॅडम.”

त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्या वयाच्या मुलीला कुणी असे हात जोडत नाही. “या, या. तुमचं लई उपकार झालं बगा.”

त्यांनी शाळेसमोरच्या टपरीवर आम्हा दोघींना नेलं, चहा सांगितला आणि मलाच बाकड्यावर बसवलं. स्वतः उभे राहिले.

“आमी फेब्रुवारीतच उरकणार हुतो,” ते म्हणाले. “पाव्हण्यांची घाई हुती. हिनं तुमचा कागद आणून दावला. म्हणली, एक दिवस आदी लावलं तरी पोलीस येतील, शिबिराच्या मॅडमनी नक्की सांगितलंय. म्हणलं, आसं? मग कशाला इषाची परीक्षा. पाव्हण्यास्नी सांगितलं, थांबा. आता दोन जून धरलाय. समदं कायद्यात बसवून.”

ती खाली बघून चहा पीत होती.

“तिचा जन्म पाडव्याचा आहे ना?” मी विचारलं.

“आसंल की. पर दाखल्यावर एक जून हाय न्हवं. दाखलाच धरत्यात, तुमीच सांगितलं.” ते हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. खरंच आभार मानत होते. “आता सज्ञान हुणार आमची बारकी.”

गिरणीवर कुणीतरी आलंय म्हणून त्यांना हाक आली आणि ते दहा मिनिटांत येतो म्हणून गेले. मी बॅगेतला नमुना बाहेर काढला आणि तिला सांगितलं. पटावर नाव असेपर्यंत दुरुस्तीचा अर्ज देता येत होता. दिवाळीपर्यंत तरी थांबता आलं असतं. मला हे जानेवारीतच कळलं होतं. मी फोन केला होता, पण बोलले नाही.

तिने नमुना वाचला. माझ्यापेक्षा पुष्कळ लवकर वाचला. मग पिशवीतल्या दाखल्याकडे बघितलं.

“आन् आता?”

“आता अवघड आहे.”

“तुमीच होता व्हय, राँग नंबर? आण्णा म्हणाले हुते, कोण तरी पोरगी हुती.” तिने कागद घडी करून मला परत दिला. “ऱ्हाऊ द्या, मॅडम. मला परीक्षा द्यायची हुती. फेब्रुवारीचं जून झालं, पेपर सगळे दिले. अठ्ठ्याहत्तर टक्के पडलेत.”

तेव्हा मला कळलं की टाकीपाशी ती मला दोनदोनदा का विचारत होती. मला वाटलं होतं तिला समजत नाही.

मग मी दुसरं अर्धं सांगितलं. एक जूनपासून तिची सही तिची. ती नाही म्हणाली तर कुणालाही लग्न लावता येणार नाही, तक्रार करता येते, मदत मिळते. मी ते इतक्या हळू आवाजात सांगितलं की टपरीवाल्याच्या स्टोव्हपुढे ते ऐकू गेलं की नाही, शंका होती.

“न्हाय म्हणल्यावर रात्री जेवायला कुटं बसायचं, ते हाय का पुस्तकात?” तिने विचारलं. रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. मी संस्था, निवारा असे दोन-तीन शब्द सांगितले. तिने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, “पोरगा वाईट न्हाय. पुढं शिकवीन म्हणतोय. म्हणत्यात समदे.” आणि पिशवी पुढे करून, “ही कागदं माझी हायत न्हवं? कायद्यानं?”

“हो. तुझीच.”

“सासरी गेल्यावर कपाटात जात्यात. माझ्या बहिणीची गेली. मग फॉर्म भरायचा म्हणलं की सापडत न्हाईत.” तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “तुमच्याकडं ठिवा.”

मी पिशवीला गाठ मारली. असं करता येतं का, हे मी कुठे वाचलेलं नव्हतं.

तिचे वडील परत आले. ती त्यांना म्हणाली, “आण्णा, मॅडम सोलापुरात माझा नर्सिंगचा फॉर्म भरणारेत. खरी कागदं लागत्यात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. “ओरिजिनल लागतात,” मी म्हटलं.

“भरा की मग. पाव्हणं शिकवणार म्हणलेत.” त्यांनी मला वडापमध्ये पुढची जागा मिळवून दिली आणि ड्रायव्हरला बजावलं, “वकील हायत, दमानं ने.”

नर्सिंगचा फॉर्म मी खरंच आणला. भरून तिच्या सहीसाठी ठेवला. सहीची जागा कोरी आहे. दोन जूनला मी कोर्टात होते. दुपारी डबा खाताना एकदा घड्याळाकडे लक्ष गेलं. आईने डब्यात दिलेली वांग्याची भाजी मी संपवली. एवढंच झालं.

अनोळखी नंबर मी उचलत नाही. दिवाळीच्या पाडव्याला घरात पाहुणे होते, मी आतल्या खोलीत होते आणि फोन वाजला तो उचलला. का उचलला, ते सांगता येत नाही.

“मॅडम, ओळखलं का?”

“हो.”

“म्हायेरी आलेय. पयली दिवाळी न्हवं. सकाळी त्येस्नी ओवाळलं. मग आईनं मला बसवलं पाटावर. म्हणली, आज तुझे खरे अठरा झाले.” पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं, भांडी वाजत होती. तिने आवाज खाली आणला. “कागदं हायत न्हवं?”

“आहेत.”

“नीट?”

“नीट आहेत.”

“फॉर्मची तारीख गेली आसंल.”

“गेली. पुढच्या वर्षी परत निघेल.”

“बरं,” ती म्हणाली. टाकीपाशी म्हणाली होती तसंच. “मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मी येईन.” मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात माझ्या लॅमिनेट केलेल्या जन्मदाखल्यावर तिची पिशवी आहे. तिच्या दाखल्यावर एक जून लिहिलेलं आहे, अंकात आणि खाली अक्षरांत. मी पिशवीची गाठ तपासली आणि दार लावून घेतलं. तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या, हे बाहेरच्या खोलीत येऊन बसल्यावर लक्षात आलं. परत फोन लावला नाही. तो नंबर कुणाचा होता, मला माहीत नव्हतं.